तेजराम मास्तरांची वही

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदरावजी पत्रकाचा कागद घेऊन आले. ते आमच्या गावच्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष. ओसरीवर सतरंजी अजून पसरलेलीच होती आणि बाबांच्या खुर्चीवर शेजाऱ्यांना परत करायच्या गंज-पातेल्यांची चळत होती. आनंदरावजींनी ती चळत उचलून खाली ठेवली, खुर्चीत बसले आणि चष्मा लावून वाचू लागले.

"‘कैलासवासी तेजराम मास्तर यांना श्रद्धांजली. मंडईनिमित्त तीन अंकी कौटुंबिक नाटक, धुऱ्यावरचा दिवा.’ कसं वाटते, वच्छला?"

"दुसरं नाटक घ्या, आनंदरावजी."

"दुसरं कायले? मास्तरच्या आवडीचं होतं."

"आवडीचं आहे म्हणून ते कधी बोलले?"

"बोलायले कायले लागते? तीन डाव केलं आपण. वही तयार, नकला तयार. दुसरं आता कधी बसवतं?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा आणि पाहुणे, रात्रभर नाटक. १९८१ची मंडई तीन आठवड्यांवर आली होती. त्या सकाळी माझा विरोध एवढ्याचसाठी होता की ते नाटक वाईट होतं. मी भंडाऱ्याला शाळेत ग्रंथपाल आहे आणि बरं-वाईट मला कळतं, असा माझा समज होता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कंदील लावून परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारं कुटुंब, तीन अंक रडणं, आणि शेवटी घर सोडून जाणारी मुलगी. बाबांच्या नावाने हे व्हावं असं मला वाटत नव्हतं.

"वही घेऊन मागं जागेश्वर बसन," आनंदरावजी म्हणाले. माझा धाकटा भाऊ खांबाला टेकून उभा होता. त्याने मान हलवली. मला कोणी विचारलं नाही. माय वाकून गंज उचलायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे, मीच पाहते," आणि ते उचलून आत गेले. तेरा दिवस मी हेच केलं होतं.

नक्कल म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. आमच्याकडे नाटकाची वही एकच असते. तिच्यावरून प्रत्येक नटाला त्याच्यापुरतं उतरवून देतात: समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, आणि मग त्याचं स्वतःचं बोलणं. तीच नक्कल. नट ती बैल चारताना, धान कापताना पाठ करतो. समोरचा काय बोलणार आहे हे त्याला माहीत नसतं. ते शेवटचे शब्द कानावर पडले की तो सुरू होतो. सबंध नाटक ठाऊक असतं ते एकाच माणसाला, जो विंगेत वही घेऊन बसतो आणि विसरलेल्याला हळूच आठवण करून देतो. आमच्या गावात वीस वर्षं ते काम बाबांनी केलं. शाळेत ते मास्तर होतेच, नाटकातही त्यांना सगळे मास्तरच म्हणत.

ती लाल कापडात बांधलेली वही त्यांना वैनगंगेपलीकडच्या एका गावाने दिली होती. तिथलं मंडळ मोडलं होतं. आमच्याकडे कोणी कोणाला नाटकाची वही सहज देत नाही, पण त्यांनी आग्रहाने दिली, वर चहाही पाजला, असं बाबा हसून सांगत. वहीवर लेखकाचं नाव नव्हतं. जांभळी शाई आणि उजवीकडे झुकलेलं बारीक अक्षर.

बाबा गेले ते नकला उतरवताना. नवरात्रातली दुपार होती. मायला वाटलं डुलकी लागली. तिने जवळ चहा ठेवला आणि तासाभराने तो गार चहा उचलायला गेली.

आनंदरावजी गेल्यावर मी त्या नकला हातात घेतल्या. अकरा जुड्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या, वर नटांची नावं. त्यांच्याखाली एक सुटा कागद. त्याच्यावर बाबांच्या अक्षरात वर फक्त एवढंच होतं: ‘...मी जाते, बाबा.’ पुढे कोरं.

बारावी नक्कल कोणाची, हा पहिला प्रश्न. १९७९ साली बाबांचा उजवा हात धरला होता म्हणून सगळ्या नकला मीच उतरवल्या होत्या. पुस्तकांवर नंबर घालायची माझी सवय. मी त्यांनाही घातले होते. अकरा होत्या. बारावं पात्र त्या नाटकात नव्हतं.

मी वही उघडली. पात्रांच्या यादीत शेवटी बारावं नाव होतं: मास्तर. तीच जांभळी शाई, तेच झुकलेलं अक्षर. पानं उलटत शेवटच्या प्रवेशापर्यंत गेले. मुलगी म्हणते, ‘मी जाते, बाबा.’ १९७९ साली इथे पडदा पडत होता. आता खाली होतं:

‘मास्तर: जाऊन येजो. दार लोटून ठेवतो, कडी नाही लावत.’

दर रविवारी संध्याकाळी मी भंडाऱ्याची एस.टी. पकडायला निघाले की बाबा ओसरीवरून हेच म्हणत. जागेश्वर बाजाराला निघाला तरी तेच, माय पाण्याला निघाली तरी तेच. अठरा वर्षं ऐकलेलं ते वाक्य एका अनोळखी माणसाच्या अक्षरात माझ्यासमोर होतं.

त्याच्या पुढे मुलगी निघून जाते, आणि मग मास्तरचं एकट्याचं भाषण होतं. दीड पान. पहिलं वाक्य मी वाचलं: ‘गेली. आता बोलायले हरकत नाही.’ आणि वही मिटली.

बाबा माझ्याशी पुस्तकांबद्दल तासन्‌तास बोलत. स्वतःबद्दल काही विचारलं की कंदिलाची काच पुसायला घेत. मी गेल्यावर मागे ते काय बोलत असतील, हे मला कधीच कळणार नव्हतं. ते दीड पानात लिहिलेलं होतं.

पहिली शंका मला आली ती बाबांचीच. त्यांनीच कोणाकडून लिहून घेतलं असेल. म्हणून मी त्यांची पेटी उघडली. झाकणाला आतून जुनी पत्रकं चिकटवलेली होती, पात्रांच्या नावांसकट. त्र्याहत्तर सालच्या पत्रकात नऊ पात्रं. शहात्तरच्या पत्रकात दहा. एकोणऐंशीच्या पत्रकात अकरा, आणि अकराव्यापुढे छापलेलं: पडद्याआडून आवाज, तेजराम मास्तर.

संध्याकाळी आनंदरावजी नकला न्यायला आले, बाराव्या पात्राचं ऐकून खूश झाले आणि ते काम त्यांनी जागेश्वरला देऊन टाकलं; वही मात्र मी माझ्याजवळच ठेवली. डोमाकाका बोडीजवळ, गावच्या तळ्यापाशी राहत. तीस वर्षं मंडळात खलनायकाचं काम करणारा हा माणूस गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा. ते अंगणात खाटेचं सुंभ आवळत बसले होते.

"काका, त्या नाटकात पात्रं वाढत गेली, तुमाले माहीत होतं?"

"सगळ्यायले माहीत आहे. मास्तर वाढवे."

"कायले?"

"आठवण म्हणून. त्र्याहत्तरचं नाटक झालं अन् वर्षाभरात सुखराम पेटीमास्तर गेला, टीबीनं. मंग शहात्तरले वही काढली त त्यात एक पेटीवाला निघाला. हुबेहूब सुखराम. ‘आंधी सूर धरा, मंग मानूस धरा,’ असं तो बोलत जाय ना, तेही होतं. हसू हसू पोट दुखलं आमचं."

"ते पात्र कोणं केलं?"

"गुलाबनं. भल्लं केलं. पुढच्या साली त्याले धान कापता कापता पान लागलं." साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. "मंग एकोणऐंशीले वहीत गुलाबसारखा एक निघाला. त्याच्यासारखाच लचकत बोलणारा. ते पाठ करायले कोणाची जीभच उचलेना. गुलाब सगळ्यायचा लाडका होता ना. मास्तर म्हणे, द्या इकडं, मी बोलतो पडद्याआडून."

"अन् पहिल्या डावाले सुखराम पेटीमास्तरानं कोणतं पात्र केलं होतं?"

"गाडीवानाचं. ज्यायची वही होती त्या गावचा कोणी गाडीवान नदीत गेला होता म्हणत."

त्यांनी हे सगळं ओळीने सांगितलं, एकाखाली एक, आणि सुंभाचा पीळ घट्ट करत राहिले. मी वाट पाहिली. त्यांच्या मनात त्याची बेरीज झाली नाही.

"काका, बाबांनी यातलं काही लिहिलं नाही. अक्षर त्यायचं नाही."

"तोही तेच म्हणे. ‘मी नाही लिवलं गा, डोमा.’ दोन-तीनदा म्हणला. आमी म्हणलं, मास्तर मोठेपणा घेत नाही." ते हसले. "मास्तरचं पात्र आता कोण करून राहिलं?"

"जागेश्वर."

"पोरगाच आहे. शोभन."

मला त्यांच्या हातातलं सुंभ ओढून घ्यावंसं वाटलं. मी नमस्कार करून निघाले.

माझ्याजवळ आता एवढं होतं. मेलेल्या माणसाचं बोलणं वहीत येतं. ते बोलणाऱ्यांपैकी एक पुढचं नाटक लागायच्या आत जातो, आणि त्याचं बोलणं वहीत येतं; बाबांचं तर ते जायच्या आधीच आलं होतं, म्हणून तो सुटा कागद. बाबांना हे कळलं होतं की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं असेल तर त्यांनी कोणाला का सांगितलं नाही, याचा मला तेव्हाही राग होता आणि आताही आहे. ‘मी नाही लिवलं’ एवढं सांगितलं, आणि कोणी ऐकलं नाही, हेही खरं आहे. तो राग कोणावर काढावा ते समजत नाही.

जागेश्वर बांधीत, धानाच्या शेतात होता. हलका धान कापून धुऱ्यावर पेंढ्या रचत होता. मी त्याची शिदोरी घेऊन गेले, त्याला पोटभर जेवू दिलं, आणि मग म्हटलं, "तू ते पात्र करू नको."

"काहून?"

मी सांगितलं. नदीतला गाडीवान, सुखराम, गुलाब, बाबा. सांगताना मलाच ते पातळ लागत होतं. जन्मभर मी गोष्टी वाचल्या, मुलांना वाचायला दिल्या, कोणती चांगली आणि का, यावर तावातावाने बोलले. ही एक गोष्ट एका माणसाला पटेल अशी सांगायची होती आणि ती मला जमली नाही.

"पेटीमास्तरले टीबी होता," जागेश्वर म्हणाला. "गुलाबले पान लागलं. बाबाचं वय अडुसष्ट. याच्यात नाटक कुठं आलं?"

"सगळ्यांत नाटक आहे ना."

"भातही सगळ्यायनंच खाल्ला होता, बाई."

तो मला लहानपणापासून बाई म्हणतो, थोरली म्हणून. त्याने हात धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले त्यायचा आवाज नीट आठवूनच नाही राहिला. तेरा दिवसांत. तू पुस्तकं घेऊन बसतं, तुह्याजवळ लय काही आहे त्यायचं. मी ते बोलणं पाठ केलं त माह्याजवळ तेवढं राहीन."

त्याने रिकामा डबा बांधायला घेतला. "राहू दे, मीच पाहते," मी म्हटलं आणि डबा घेतला. बोलणं तिथंच संपलं.

आनंदरावजींकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला. दुसऱ्यांदा त्यांच्या घरच्यांनी पोहे दिले. ते पात्र काढून टाका, एवढंच माझं मागणं होतं.

"काढता येत नाही, वच्छला. मुलीचं काम करते ना रत्ना, तिची नक्कल पाठ झाली. ती पवनीहून येते, अनुभवी आहे. ‘कडी नाही लावत’ ऐकल्याबिगर ती जागची हलत नाही. तिथं कोणी बोललंच नाही त ती जाईन कशी? ती गेली नाही त पडदा कसा पडन?"

"तिले सांगा तसंच जायले."

"पाठ झालेलं फिरत नाही वं." मग ते मऊ आवाजात म्हणाले, "तुले तरास होऊन राहिला, समजते मले. बाप गेला म्हणजे माणसाले काहीबाही दिसते. त्यात तुह्यं वाचन."

त्या महिन्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते या चांगुलपणाने. कोणी एकानेही मला वेडी म्हटलं नाही. भांडण झालं असतं तर मी भांडले असते. ते मला खायला देत होते.

घरी येऊन मी मास्तरच्या बोलण्यावर काट मारून पाहिली. दुसऱ्या दिवशी काट होती, पण तिच्याखालचं अक्षर आदल्या दिवसापेक्षा ठळक दिसत होतं. वहीत आणखीही जुन्या काटा होत्या, बाबांच्या निळ्या शाईतल्या. पेटीवाल्याच्या बोलण्यावर, गुलाबच्या बोलण्यावर. म्हणजे त्यांना कळलं होतं.

मंडईच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. सकाळी जागेश्वर मांडवाच्या बल्ल्या रोवायला गेला, तेव्हा मी वही घेऊन घरामागच्या सांदवाडीत गेले. अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती.

मी लगेच जाळली नाही हे सांगायला हवं. ‘गेली. आता बोलायले हरकत नाही’ या वाक्याखाली दीड पान होतं. ते वाचायला तीन मिनिटं लागली असती. नुसतं डोळ्यांनी वाचलं तर काय होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी आठ वर्षं सगळं वाचलं होतं आणि बोलल्यानंतरच गेले. वाचलं असतं तर चाललं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. आणि हेही समजत होतं की एकदा वाचलं की ही वही माझ्याने जळणार नाही. मी ती भंडाऱ्याला नेईन, कुलपात ठेवीन, आणि दर रविवारी काढून वाचीन. आणि एखाद्या रविवारी मोठ्याने.

"नाटकाची वही?" मागून माय म्हणाली. "काय करून राहिली वं?"

"यात बाबा आहेत, माय."

मायला वाचता येत नाही. तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यात कायचे राहतेत," ती म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

मी वही आत घातली. ते दीड पान मी वाचलं नाही. त्याचं मला अजून लागतं, आणि बरोबर केलं असंही कधी पूर्ण वाटत नाही.

दुपारी शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली, तालमीच्या वेळी सगळ्यांना कळलं. जागेश्वर माझ्याकडे येता येता वळला आणि समोरच्या विंगेत निघून गेला. आनंदरावजींनी डोक्याला हात लावला, पण घाबरले नाहीत. "नकला आहेत ना सगळ्यायजवळ," ते म्हणाले. "होऊन जाईन."

आणि झालं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी वही जाळली, पण नाटक वहीत नव्हतं. ते तीन आठवड्यांपासून अकरा जणांच्या तोंडात होतं. एकाचा शेवटचा शब्द पडला की दुसरा उठत होता. मी विंगेत उभी राहून बघत होते. वही नसताना ते नाटक आधीपेक्षा भरभर चाललं, मधला कोणी मेला तरी न थांबणाऱ्या गाडीसारखं. पेटीवाला बोलला, हुबेहूब सुखराम. गुलाबसारखा लचकत बोलणारा बोलला. ते काम आता डोमाकाकांकडे होतं, आणि मी ते तोपर्यंत विचारलंसुद्धा नव्हतं. मी फक्त माझ्या भावाचा विचार केला होता.

शेवटचा प्रवेश आला. रत्ना दारातून वळली आणि म्हणाली, "मी जाते, बाबा."

आणि थांबली. तिच्या नकलेत पुढे तीन शब्द होते, ते ऐकल्याशिवाय ती हलणार नव्हती. मांडवात सगळे थांबले. समोरच्या विंगेत जागेश्वर उभा होता. त्याच्या हातात कागद नव्हता, वही नव्हती; ती नक्कल मी उतरवलीच नव्हती, म्हणून त्या पात्राचा एक शब्द त्याने वाचलेला नव्हता. पण ते वाचण्याची गरज नव्हती. मी जाते म्हटल्यावर बाबा काय म्हणतात, हे त्या घरात वाढलेल्या माणसाला कोणी उतरवून द्यायला लागत नाही. त्याने मान जरा तिरपी केली, बाबा करत तशी, आणि तोंड उघडलं.

"जाऊन येजो," मी बोलले. "दार लोटून ठेवतो, कडी नाही लावत."

माझा आवाज बाबांवर गेलेला आहे. रत्ना वळली आणि निघून गेली. तिच्यामागे कोणाचं बोलणं उरलं नव्हतं, ते सकाळी चुलीत गेलं होतं. म्हणून पडदा पडला. बाहेर डोमाकाका डोळे पुसत होते. आनंदरावजी म्हणाले, "असं येत होतं त आधीच बोलाचं ना वं. उगाच वही जाळली." रात्रीच्या नाटकातही मग मीच बोलले, पडद्याआडून. लोकांनी वाहवा केली. जागेश्वर महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

डोमाकाका पुढच्या पावसाळ्यात गेले. बोडीच्या पाळीवरून पाय घसरला. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले.

मी गेले नाही. दोन वर्षं मी सावध राहिले, मग सावध राहण्याचाही कंटाळा आला. विषमज्वर झाला, बरा झाला. वही जळाली म्हणजे संपलं असेल, असं वाटू लागलं. मग गेल्या रविवारी मी गावी गेले, तेव्हा जागेश्वरने मोठ्या उत्साहाने एक नवी वही पुढे केली. निळ्या रेघांची, शाळकरी. या मंडईला पुन्हा ‘धुऱ्यावरचा दिवा’ आहे. त्याने सगळ्यांच्या जुन्या नकला गोळा करून, एकीला दुसरी जोडून, नाटक परत उभं केलं होतं. बॉलपेनने, स्वतःच्या गोल अक्षरात.

"एका जागी जुळतच नोहोतं, बाई. दुसऱ्या अंकात. मधात कोणी तरी बोलत असन असं वाटे. मंग मी माह्या मनानं घातलं. पाहाय."

पात्रांच्या यादीत शेवटचं नाव थोरली बहीण असं होतं. मी दुसरा अंक काढला. घरात भांडण चाललेलं, धाकटा भाऊ काहीतरी उचलायला वाकतो, आणि थोरली बहीण म्हणते: ‘राहू दे, मीच पाहते.’

"हे काय आहे?"

"तुह्यावरूनच घेतलं." तो हसला. "सारखी तेच म्हणतं ना तू."

"मी म्हणते?"

"माय, ऐकून राहिली का?"

"लहानपणापासून," माय आतून म्हणाली.

"कोण करते हे पात्र?"

"बाईच्या कामाले कोणी मिळून नाही राहिलं. मीच बोलतो पडद्याआडून. बाबा बोलले होते तसा." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "रागावू नको. मले वाटलं तुले बरं वाटन. मेल्यावर आठवण काढण्यापेक्षा जित्तेपणीच काढली."

मी ते वाक्य काढायला सांगितलं. पाठ झालं, असं तो म्हणाला. आनंदरावजींकडे गेले नाही. तिथं पोहे मिळाले असते.

आता मंडईला तेवीस दिवस आहेत. मी पुन्हा पुन्हा एकच हिशोब करते. जो बोलणं बोलतो तो जातो, पण ते बोलणं मेलेल्या माणसाचं असावं लागतं. मी त्या रात्री जिवंत असले तर ते नुसतं एका चिडक्या बहिणीचं वाक्य आहे, आणि जागेश्वरला काही होणार नाही. म्हणजे मला फक्त तेवीस दिवस जगायचं आहे. मी पाणी उकळून पिते. रस्त्याच्या कडेने चालते. शाळेतल्या शिडीवर चढत नाही, वरच्या फळीवरची पुस्तकं मुलांना मागू नका म्हणते. एक साधं काम, आणि त्यात माझ्या हातात जवळजवळ काहीच नाही. आणि त्या दिवसापासून मी ते वाक्य बोलायचं बंद केलं आहे. जीभ दाताखाली धरून ठेवते. शिपायाच्या हातून शाईची दौत सांडली तरी गप्प राहिले.

पण गावाहून निघताना, त्याच रविवारी, जागेश्वर मला सोडायला फाट्यापर्यंत आला होता. एस.टी. आली. दारात गर्दी होती. मायने दिलेल्या तांदळाची पिशवी त्याच्या खांद्यावर होती, आणि तो ती आत चढवायला पायरीवर पाय ठेवत होता. मला त्याने गाडीत चढू नये असं वाटत होतं, का ते सांगता येणार नाही. मी पिशवीला हात घातला.

"राहू दे, मीच पाहते," मी म्हटलं.

त्याचे ओठ माझ्याबरोबर हलले. त्याला खरोखरच पाठ झालं होतं.